मातृवंदना योजनेचा अर्ज करण्याआधी या तीन गोष्टी तपासा: फॉर्मपासून खात्यात पैसे येईपर्यंत सगळी माहिती

“अरे, साइटवर पैसे दिले असं दाखवतंय, पण पासबुकात एक रुपया नाही.”

ताईचा हा फोन आला तेव्हा तिला सातवा महिना लागला होता आणि मी ऑफिसात होतो. मी तिला एकदम आळशी उत्तर दिलं: “सर्व्हर डाऊन असेल गं, येतील दोन-चार दिवसांत.” पैसे आले नाहीत. बाळंतपणासाठी ती माहेरी आली, तेव्हा कुठे मी शांतपणे बसून शोधलं. पैसे कधीच आले होते, फक्त ते अशा खात्यात पडले होते जे आपल्या नावावर आहे हे ताईला माहीतच नव्हतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, दिवसभर डेटा इकडून तिकडे पाठवण्याचंच काम करतो. तरी घरच्या माणसाचा तीन हजारांचा प्रश्न मी दोन महिने ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून ढकलला. म्हणून हा लेख. तुमच्या घरात बाळ येणार असेल किंवा नुकतंच आलं असेल, तर घरातला ‘मोबाईलमधलं सगळं कळणारा’ बहुतेक तुम्हीच आहात आणि हा फॉर्म तुमच्याकडेच येणार आहे.

योजना काय आहे?

प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून देशभर लागू झाली. तिचा आधार २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. गरोदर आणि स्तनदा मातांना आर्थिक मदत मिळावी, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. सुरुवातीला पहिल्या बाळासाठी तीन हप्त्यांत ₹५,००० मिळायचे. १ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. आजची रचना अशी:

• पहिलं बाळ, मुलगा असो वा मुलगी: एकूण ₹५,०००, दोन हप्त्यांत. पहिला ₹३,००० चा, दुसरा ₹२,००० चा.
• दुसरं बाळ, मुलगी असेल तरच: ₹६,०००, एकाच हप्त्यात, जन्मानंतर.

दुसऱ्या बाळंतपणात जुळं किंवा तिळं झालं आणि त्यात एक जरी मुलगी असेल, तरी ₹६,००० मिळतात.

हे पैसे बक्षीस म्हणून दिलेले नाहीत. बाळंतपणाच्या काळात जी मजुरी बुडते तिची थोडी भरपाई व्हावी, आईला विश्रांती घेता यावी आणि तिने तपासण्या-लसीकरण वेळेवर करावं, असा योजनेचा हेतू आहे. ताई घरी शिवणकाम करते, दाजी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. ते तीन हजार वेळेवर हातात असते तर आठव्या महिन्यात ती मशीनवर बसली नसती. पैसे चुकीच्या खात्यात पडले म्हणजे बुडाले असं नाही, पण ज्या दिवसांसाठी ते होते ते दिवस निघून गेले.

कोणाला मिळतात, कोणाला नाही?

आईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने असावं लागतं. त्याशिवाय खालीलपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी आहे:

• अनुसूचित जाती किंवा जमातीतील महिला
• ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व
• दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्न सुरक्षा योजनेचं रेशनकार्ड
• आयुष्मान भारत योजनेचं कार्ड
• ई-श्रम कार्ड
• रोजगार हमीचं जॉब कार्ड
• किसान सन्मान निधी मिळणारी महिला शेतकरी
• कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ₹८ लाखांपेक्षा कमी
• स्वतः अंगणवाडी सेविका, मदतनीस किंवा आशा असलेली महिला

₹८ लाखांची अट नीट वाचा. ‘ही योजना फक्त गरिबांची’ असं समजून अनेक घरांत अर्जच केला जात नाही. छोटं दुकान, शेती, साधी नोकरी असलेली बरीच कुटुंबं यात बसतात. मात्र उत्पन्नावर अर्ज करणार असाल तर उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून मिळायला वेळ जातो, त्यामुळे आधीच काढून ठेवा.

केंद्र, राज्य सरकार किंवा सरकारी कंपनीत कायम नोकरीला असलेल्या महिलांना हा लाभ नाही. कायद्यानुसार २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळत असेल, तरीही नाही.

मुख्य मुद्दा: फॉर्म सोपा आहे, तीन नोंदी जुळणं अवघड आहे

फॉर्म भरायला अर्धा तास लागतो. अडकतं ते फॉर्मच्या मागे. तुमची माहिती तीन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेली असते: आधारमध्ये, बँकेत आणि आरोग्य विभागाकडे. या तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्या तरच पैसे योग्य जागी पोचतात. फॉर्म त्या जुळवून देत नाही, तो फक्त तपासतो. म्हणून आधी तपासणी आणि मग अर्ज.

१. बँक: ‘आधार लिंक’ आणि ‘आधार सीडिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

ताईची अडचण इथेच होती. “माझं खातं आधारला लिंक आहे” असं ती सांगत होती आणि ते खरंही होतं. केवायसीसाठी दिलेलं आधार तुमच्या तीन-चार खात्यांना जोडलेलं असू शकतं. पण सरकारी अनुदान यातल्या एकाच ठिकाणी जातं.

कसं ते बघा. या योजनेत सरकार पैसे पाठवताना तुमचा खाते क्रमांक वापरत नाही, आधार क्रमांक वापरतं. मग कोणत्या बँकेत पाठवायचे हे कसं कळतं? त्यासाठी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक मोठी यादी असते, तिला मॅपर म्हणतात. एका आधार क्रमांकासमोर एकाच बँकेची नोंद. त्यात खाते क्रमांक नसतो, फक्त बँकेचा ओळख क्रमांक असतो. पैसे त्या बँकेकडे जातात आणि तुमच्या आधारशी जोडलेलं खातं ती बँक स्वतःकडे शोधते.

सिमकार्ड पोर्ट करण्यासारखंच आहे हे. नंबर तोच राहतो, पण शेवटी ज्या कंपनीत पोर्ट केला तिच्याकडे कॉल जातो. मॅपरमध्येही शेवटची नोंद चालते. तुम्ही नंतर कुठे नवीन खातं उघडलं आणि तिथे ‘सरकारी लाभ या खात्यात घेण्यास संमती’ असा एक टिक झाला, की जुन्या बँकेची नोंद जाऊन नवीन बँक येते.

ताईने लग्नाआधी एका दुकानातून सिम घेतलं होतं. मशीनवर अंगठा दिला आणि त्याच वेळी एक पेमेंट बँकेचं खातंही उघडलं गेलं. ना पासबुक, ना कार्ड. ती विसरूनही गेली. मॅपर मात्र विसरला नव्हता.

तपासायचं कसं:

१. माय-आधार साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा.
२. ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा.
३. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती दिसेल. स्थिती ‘ॲक्टिव्ह’ हवी आणि बँक तीच हवी जिचं पासबुक तुमच्या हातात आहे.

खाते क्रमांक तिथे दिसत नाही, फक्त बँक दिसते. एकाच बँकेत दोन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते शाखेत विचारा.

बँक चुकीची निघाली किंवा स्थिती ‘इनॲक्टिव्ह’ असेल, तर आपल्या बँकेच्या शाखेत जा आणि “डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय” असं स्पष्ट सांगा. नुसतं “आधार लिंक करा” म्हणालात तर केवायसी करून परत पाठवतील. संमतीचा फॉर्म भरून द्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा आणि त्यानंतरच पुढे जा.

खातं आईच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं चालत नाही.

२. आधार: नाव अक्षरन् अक्षर तेच हवं

आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे असतं. आधारवर माहेरचं, रेशनकार्डवर सासरचं आणि दवाखान्याच्या कार्डावर ‘सौ.’ लावून. माणसाला कळतं की ही एकच व्यक्ती आहे, कॉम्प्युटरला कळत नाही. ‘सुवर्णा’मधला ‘व’ आधारवर इंग्रजीत ‘व्ही’ने लिहिला असेल आणि फॉर्मवर ‘डब्ल्यू’ने, तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका आहेत.

फॉर्ममध्ये नाव आधारवर जसं छापलंय तसंच टाका. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी तेच. आधारवर माहेरचं नाव असेल तर फॉर्मवरही माहेरचं. नाव बदलायचंच असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग बँकेत बदला आणि शेवटी अर्ज करा. मध्येच बदललंत तर नोंदी जुळत नाहीत.

आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का, तेही बघा. बंद पडलेला जुना नंबर असेल तर ओटीपी येणार नाही आणि बँक सीडिंगही तपासता येणार नाही. नंबर बदलायचं काम आधार केंद्रात किंवा ही सोय असलेल्या पोस्टात करता येतं. नवव्या महिन्यात रांगेत उभं राहण्यापेक्षा हे काम चौथ्या-पाचव्या महिन्यात उरका.

३. आरोग्य विभाग: ते कार्ड म्हणजे अर्धा अर्ज

गरोदरपणाची नोंद आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत केली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. शेवटच्या पाळीची तारीख, नोंदणीची तारीख, तपासण्या, बाळाच्या लसी, सगळं त्यात असतं. फॉर्ममधल्या तारखा याच कार्डावरून भरायच्या. अंदाजाने एकही तारीख टाकू नका.

आता आपल्याकडची खास अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नोंदणी सासरच्या गावी, जन्म माहेरच्या तालुक्यात आणि लसी अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे. ताईचं कार्ड सासरी कपाटात राहिलं होतं. दाजींनी ते एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं आणि मी स्टँडवर जाऊन घेतलं. तुम्ही ही धावपळ करू नका. कार्डाच्या सगळ्या पानांचे स्पष्ट फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड आईच्या पिशवीतच राहू द्या. माहेरी लस दिली की त्याच कार्डावर नोंद करून घ्या.

हप्ता कधी मिळतो?

पहिला हप्ता, ₹३,०००: गरोदरपणाची नोंदणी झालेली हवी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली हवी.

दुसरा हप्ता, ₹२,०००: बाळाच्या जन्माची नोंदणी आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण हवी. पहिली फेरी म्हणजे जन्मावेळच्या लसी आणि त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी.

अर्जाची मुदत जन्मापासून २७० दिवस. ही मुदत वाटते तेवढी मोठी नाही. साडेतीन महिन्यांची लस म्हणजे १४ आठवडे, साधारण ९८ दिवस. ती झाल्याशिवाय दुसरा हप्ता मागता येत नाही. म्हणजे हातात उरतात १७२ दिवस. त्यात बाळाला ताप आला म्हणून एक लस पुढे गेली, आधारची दुरुस्ती निघाली, बँकेत दोन फेऱ्या झाल्या, की दिवस भराभर संपतात. फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन रिमाइंडर आजच लावा: जन्मानंतर १०० वा दिवस आणि २४० वा दिवस.

गरोदरपणात पहिला हप्ता मागायचा राहून गेला असेल तरी निराश होऊ नका. अटी वेळेत पूर्ण झाल्या असतील तर मुदतीच्या आत जन्मानंतरही अर्ज करता येतो.

जन्मदाखला: बारशाची वाट बघू नका

बऱ्याच घरांत ‘नाव ठरल्यावर दाखला काढू’ म्हणतात आणि इथेच वेळ जातो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते, तिला बाळाचं नाव लागत नाही. नाव नंतर त्याच नोंदीत घालता येतं, पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क. दवाखाना सोडतानाच आई-वडिलांची नावं आधारप्रमाणे लिहिली आहेत का ते वाचून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. आत्ता एक अक्षर चुकलं तर ती चूक पुढे वर्षानुवर्षं निस्तरत बसावी लागते.

अर्ज कसा करायचा?

दोन मार्ग आहेत. पहिला, तुमच्या भागातल्या आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत. दुसरा, योजनेच्या सरकारी साइटवर स्वतः. माझा सल्ला: फॉर्म स्वतः भरलात तरी आशाताईंना सांगून ठेवा, कारण पुढची पडताळणी स्थानिक पातळीवरच होते.

१. साइटवर नागरिक म्हणून मोबाईल नंबरने नोंदणी करा. नंबर घरचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिलात तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातील.
२. पहिलं बाळ की दुसरं, ते निवडा.
३. आधारप्रमाणे नाव, आधार क्रमांक आणि जन्मतारीख भरा. आधार पडताळणीसाठी चेहरा स्कॅन करायला सांगितलं जाऊ शकतं. त्यासाठी फोनवर आधारचं फेस आरडी ॲप लागतं. खिडकीजवळ, उजेडात बसून करा.
४. पात्रतेचा पुरावा अपलोड करा. फोटो कापलेला किंवा अंधुक नको.
५. कार्डावरच्या तारखा भरा.
६. सबमिट केल्यावर येणाऱ्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या.

नवऱ्याचं आधार बंधनकारक नाही. एकट्या किंवा सोडून दिलेल्या महिलांनाही अर्ज करता यावा म्हणून हा बदल केलेला आहे. कोणी त्यावरून परत पाठवलं तर हा नियम त्यांना शांतपणे सांगा.

अर्ज पुढे पडताळणीला जातो, मंजुरी मिळते आणि मग पैसे निघतात. स्टेटस तपासताना दोन गोष्टींत गल्लत करू नका. ‘मंजूर’ म्हणजे पैसे निघाले असं नाही. आणि ‘पैसे दिले’ असं दिसूनही खात्यात नसतील, तर सगळ्यात आधी बँक सीडिंग स्टेटस बघा. मी जे दोन महिने उशिरा केलं ते.

तक्रारीसाठी टोल फ्री नंबरही आहे.

फसवणुकीपासून सावध

बाळंतपण झालेल्या घरी “अंगणवाडीतून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झालेत” असा फोन आला तर सावध व्हा. तीन गोष्टी लक्षात ठेवा. अर्जाला फी नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. आणि आलेला ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नसतो. घरातल्या आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी फोन बहुतेक तेच उचलतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपण खाजगी दवाखान्यात झालं तर?
तेवढ्यामुळे हक्क जात नाही. पण गरोदरपणाची नोंद आणि माता-बाल कार्ड लागतंच.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर?
पुढच्या गरोदरपणात नव्याने लाभ घेता येतो. आधीचा हप्ता मिळाला म्हणून नाव वगळलं जात नाही.

आणखी काही मिळतं का?
दवाखान्यात बाळंतपण झालं तर जननी सुरक्षा योजनेचे पैसे पात्र महिलांना वेगळे मिळतात. आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी जन्मली असेल, तर राज्य सरकारच्या लेक लाडकी योजनेची चौकशी नक्की करा. त्यात जन्मानंतर ₹५,००० पासून सुरुवात होऊन मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण ₹१,०१,००० मिळतात. त्याचा अर्जही अंगणवाडी सेविकेकडेच.

ताईचे ते तीन हजार शेवटी मिळाले. गावातल्या बँक मित्राकडे जाऊन तिने अंगठा देऊन ते काढले, मग आपल्या नेहमीच्या बँकेत सीडिंग करून घेतलं. दुसरा हप्ता सरळ पासबुकात आला आणि भाच्याची साडेतीन महिन्यांची लसही वेळेवर झाली. पण तिने मला ऐकवायचं ते ऐकवलंच: “एवढा इंजिनीअर भाऊ, आणि सर्व्हर डाऊन सांगतोस!”

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या होणाऱ्या आईचा फोन घ्या, तिच्या शेजारी बसा आणि बँक सीडिंग स्टेटस उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. फॉर्म उद्या भरला तरी चालेल.